एकोणिशीनंतरचं फुटबॉल

अकादमीत दाखल झालो तेव्हा मी लहान होतो, आणि तिथून बाहेर पडलो तो एकोणीस वर्षांखालच्या संघाचा कर्णधार म्हणून. मधली वर्षं कष्टाची होती, पण सरळ होती. दर हंगामाला वरच्या वयोगटात जायचं. खेळ पुरेसा असेल तर जागा मिळायची, नसेल तर क्लब निरोप द्यायचा. नियम कठोर असला तरी कळण्यासारखा होता. मुख्य संघाच्या दाराशी आलो तेव्हा तो नियमच संपला. तिथे वयोगट नसतो. माझ्या जागेवर, म्हणजे लेफ्ट बॅकला, बचावाच्या डाव्या कडेला, तिशी ओलांडलेला एक भक्कम खेळाडू होता आणि पुढच्या वर्षी तो कुठल्याही 'वरच्या गटात' जाणार नव्हता. त्याची जागा रिकामी व्हायची तर तो जखमी व्हायला हवा, विकला जायला हवा, नाहीतर त्याचा खेळ उतरायला हवा. यातलं काहीच माझ्या हातात नव्हतं.

मुख्य संघाबरोबर सरावाला पहिल्यांदा बोलावणं आलं तेव्हा घरचे सगळे हरखून गेले. प्रत्यक्षात मला बोलावलं होतं ते आठवड्याच्या शेवटच्या सामन्याची तयारी करून घ्यायला. समोरच्या संघाचा डावा विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा खेळाडू, कसा खेळतो हे आमच्या राइट बॅकला दाखवायचं होतं, आणि त्यासाठी डाव्या पायाचं कुणीतरी हवं होतं. मी बचावपटू, पण त्या दिवशी मला विंगर व्हायचं होतं. थांब म्हटलं की थांबायचं, पळ म्हटलं की पळायचं. कोचची नजर पूर्ण वेळ दुसऱ्या अकरा जणांवर. मी कसा खेळलो हे त्या मैदानावर कुणी पाहत नव्हतं, कारण ते पाहण्यासाठी मला आणलंच नव्हतं.

असे सराव पुढे पुष्कळ झाले. युवा संघातल्या मुलाच्या आयुष्यातला 'मुख्य संघाबरोबर सराव' बऱ्याचदा हाच असतो, आणि हे त्याला आधी कुणी सांगत नाही. आपल्याला जोखलं जातंय असं समजून पोरं जीव तोडून खेळतात, संध्याकाळी कुणीच काही बोलत नाही म्हणून खचतात. मला सावरायला एका वयस्क मिडफिल्डरची मदत झाली. तो म्हणाला, "आज तुला कुणी बघत नाहीये ना? मग तू बघ." त्या दिवसापासून मी आमच्या लेफ्ट बॅकला बघायला लागलो. चेंडू पलीकडच्या बाजूला असताना तो कुठे उभा राहतो, कितीदा मान वळवतो, दम कधी खातो. टीव्हीवर हे दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे असतो.

वेगाबद्दल सगळे बोलतात. मोठ्यांचा खेळ वेगवान असतो, हे ऐकत ऐकतच आम्ही वाढलो. पण पायांच्या वेगात मी कुणालाच हार जाणार नव्हतो, शर्यत लावली असती तर मुख्य संघातल्या निम्म्यांना मी मागे टाकलं असतं. फरक होता तो वेळेत. युवा सामन्यात चेंडू पायाशी आला की मान वर करायला, बघायला आणि मग ठरवायला एक क्षण मिळायचा. इथे चेंडू माझ्यापर्यंत पोचेतो विंगरने आतली वाट बंद केलेली असायची. ठरवायचं ते चेंडू येण्याआधी.

त्यातही सिनियर खेळाडूच्या पासमध्येच निरोप असतो, हे मला फार उशिरा उमगलं. त्याच मिडफिल्डरने एकदा खेळ थांबवून सांगितलं, "मी पुढच्या, म्हणजे समोरच्या गोलाकडच्या पायावर, जोरात दिला की मोकळा आहेस, वळ आणि पुढे जा. मागच्या, म्हणजे आपल्या गोलाकडच्या पायावर दिला की माणूस अंगावर आहे, मलाच परत दे." आमच्या अकादमीत पास पोचला की नाही एवढंच पाहायचे. कोणत्या पायावर आणि किती जोरात पोचला, हे मोजायची सवय मला मुख्य संघात लागली. आज मुलांना शिकवताना मी सुरुवात तिथूनच करतो.

आणि आवाज. बचावपटूला सतत बोलावं लागतं. ज्यांचे सामने पाहत मोठा झालो त्यांच्यावर 'आत ये, माणूस सोडू नकोस' असं ओरडायला माझी जीभ उचलत नव्हती. आमचा गोलरक्षक एकदा चिडून म्हणाला, "तू गप्प असतोस तेव्हा डावीकडे कुणी आहे की नाही हेच मला कळत नाही." लाजऱ्या स्वभावाच्या किती मुलांची वाट इथेच बंद होत असेल! त्यांच्या पायात खेळ असतो, पण शेजारच्या माणसाला त्यांचा भरवसा वाटत नाही, कारण ती ऐकूच येत नाहीत.

त्यानंतरचा काळ सर्वांत अवघड होता. मी राखीव बाकावर बसू लागलो. बाहेरून पाहणाऱ्याला ही प्रगती दिसते. नाव यादीत येतं, जर्सीवर आडनाव छापलेलं असतं, ओळखीचे लोक अभिनंदन करतात. पण मुख्य संघाबरोबर प्रवासाला गेलं की युवा संघाचा सामना बुडतो. मुख्य संघात उतरवत नाहीत, युवा संघात खेळायला मिळत नाही. आठवड्यामागून आठवडे असे गेले की अंगातली सामन्याची लय जाते. सराव कितीही केला तरी ऐंशीव्या मिनिटाला जड झालेल्या पायांनी निर्णय घेण्याची सवय सामन्यातच राहते, दुसरीकडे कुठे नाही. मग एखाद्या दिवशी उतरवलंच, तर लय हरवलेला मुलगा मैदानात जातो, अडखळतो, आणि 'अजून तयार नाही' असा शिक्का बसतो. त्याला तयार न राहू देणारी व्यवस्था त्या शिक्क्यात कुठेच दिसत नाही.

बदली खेळाडू तीनवरून पाच झाले त्याचा तरुणांना फायदा होईल असं तेव्हा सगळे म्हणायचे. २०२०मध्ये साथीच्या काळात ती सवलत तात्पुरती आली, २०२२मध्ये नियमातच कायम झाली. थोडा फायदा झालाही. पण सामना एका गोलाच्या फरकावर असेल तर चौथा आणि पाचवा बदलही अनुभवीच असतो, हे मी बाकावर बसून पाहिलंय.

यात मुख्य कोचचा दुष्टपणा असतो असं मला वाटत नाही. त्याची नोकरी पुढच्या काही सामन्यांवर टांगलेली असते. तिशीतला खेळाडू किती चुका करेल याचा त्याला अंदाज असतो, एकोणीस वर्षांच्या मुलाबद्दल तो नसतो. पाच सामन्यांत दिलेल्या संधीचं फळ दोन वर्षांनी येणार, आणि तेव्हा त्या खुर्चीवर दुसराच कुणीतरी असणार. युवा विभागाचा प्रमुख मुलं घडवण्याचा पगार घेतो, मुख्य कोच सामने जिंकण्याचा. दोघं एकाच क्लबात काम करतात, पण त्यांची कामं एकमेकांना क्वचितच जुळतात. या दोघांच्या मधल्या फटीत आम्ही असतो.

लंडनच्या चेल्सी क्लबचं उदाहरण मी मुलांना नेहमी देतो. २०१४ ते २०१८ अशी सलग पाच वर्षं त्यांच्या पोरांनी एफए युथ कप, म्हणजे इंग्लंडमधली युवा संघांची स्पर्धा, जिंकला. २०१५ आणि २०१६मध्ये युरोपातल्या युवा संघांची युएफा युथ लीगही त्यांनीच जिंकली. इतकी गुणी मुलं, तरी त्या वर्षांत मुख्य संघात रुजलेली नावं शोधावी लागतात. मग २०१९च्या उन्हाळ्यात फिफाच्या कारवाईमुळे क्लबला नव्या खेळाडूंची नोंदणी करता येईना, आणि फ्रँक लॅम्पार्ड कोच म्हणून आला. त्या हंगामात मेसन माउंट, टॅमी अब्राहम, फिकायो टोमोरी, रीस जेम्स सगळे खेळू लागले. २०२१ची चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत चेल्सीने जिंकली तेव्हा माउंट आणि जेम्स सुरुवातीच्या अकरांत होते. ही मुलं २०१९मध्ये अचानक चांगली झाली नव्हती. बाजार बंद झाला आणि घरात काय आहे हे बघावं लागलं. आणखी एक गोष्ट कमी लोक लक्षात घेतात. ही चौघं त्याआधीच्या हंगामात इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत लोनवर, म्हणजे तात्पुरती दुसऱ्या क्लबकडून, खेळून आली होती. माउंट आणि टोमोरी तर डर्बी क्लबमध्ये लॅम्पार्डच्याच हाताखाली. त्यांना ओळखणारा माणूस वर पोचला, आणि पोचला तेव्हा त्यांच्या अंगात मोठ्यांचा एक पूर्ण हंगाम मुरलेला होता.

बार्सिलोनातही असंच घडलं होतं. पेप ग्वार्डिओला २००७-०८मध्ये त्यांच्या ब संघाचा कोच होता. २००८मध्ये तो मुख्य संघाकडे गेला आणि सर्जिओ बुस्केट्स नि पेद्रो त्याच्या पाठोपाठ वर आले. स्पेनमध्ये मोठ्या क्लबांचे ब संघ खालच्या श्रेणींत प्रौढांच्या क्लबांविरुद्ध खेळतात, स्वतःच्या मुख्य संघाच्या श्रेणीत मात्र त्यांना खेळता येत नाही. मला ही पद्धत फार आवडते. मुलगा आपल्याच क्लबच्या घरात राहतो, आपल्याच पद्धतीने खेळतो आणि शनिवार-रविवारी पस्तिशीतल्या सेंटर बॅकशी, म्हणजे मधल्या बचावपटूशी, झुंजतो. जिथे ब संघाला फक्त इतर क्लबांच्या ब संघांशी खेळावं लागतं, तिथे वय वाढतं पण प्रतिस्पर्धी मोठा होत नाही.

आमच्याकडे तशी सोय नव्हती, म्हणून मी लोनवर गेलो.

दोन क्लब तयार होते. एक दुसऱ्या श्रेणीतला, नावाजलेला, उत्तम मैदान असलेला. दुसरा तिसऱ्या श्रेणीत तळाशी, तिथून घसरू नये म्हणून धडपडणारा. माझा एजंट पहिल्याच्या बाजूने होता. नाव मोठं, पुढचा करार चांगला होईल, असं त्याचं म्हणणं. मी आमच्या युवा कोचना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "तुझ्या जागेवर त्यांच्याकडे कोण आहे?" पहिल्या क्लबकडे दोन लेफ्ट बॅक होते. दुसऱ्याचा नुकताच सोडून गेला होता. "मग मला कशाला विचारतोस?" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मी तळाच्या क्लबला होकार कळवला.

तिथलं फुटबॉल वेगळंच होतं. मैदान उंचसखल, त्यामुळे पहिला टच नेहमीपेक्षा मऊ आणि शरीराच्या जवळ घ्यावा लागायचा. समोरच्या संघाला कळलेलं असायचं की इकडे अकादमीतला पोरगा आला आहे. पहिल्या दहा मिनिटांत तिरके उंच चेंडू मुद्दाम माझ्याच बाजूला पडायचे आणि त्यांचा धिप्पाड स्ट्रायकर सेंटर बॅकला सोडून माझ्यावर येऊन उभा राहायचा. उडी मारताना त्याचा हात माझ्या खांद्यावर असायचा, रेफ्रीला दिसणार नाही असा. अकादमीत मला मागून पासिंग करत खेळ उभारायला शिकवलं होतं. इथे मी चेंडू सरळ बाहेर मारायला शिकलो, कारण मध्यरेषेजवळचा थ्रो-इन म्हणजे दमलेल्या बचावाला अर्धा मिनिट उसंत. फाउल कधी करायचा आणि कधी नाही हे शिकलो. चेंडूपर्यंत पोचणार नाही हे दिसत असेल तर अंग घालून त्याची वाट कशी अडवायची, हे शिकलो.

पण खरा फरक पडला तो ड्रेसिंग रूममुळे. तिथला कर्णधार पस्तिशीचा होता. त्याचा करार हंगामाअखेर संपणार होता, आणि क्लब घसरला तर पगार कापला जाईल हे बऱ्याच जणांच्या करारातच लिहिलेलं होतं. जिंकल्यावर मिळणाऱ्या बोनसमधून लोकांचं घरभाडं निघत होतं. शेवटच्या मिनिटांत गोल खाऊन बरोबरी झालेल्या एका सामन्यानंतर तो कर्णधार बूटही न काढता कितीतरी वेळ बसून राहिला होता. युवा संघात हरलो की आम्हाला वाईट वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी कोच त्यातून काय शिकलो ते विचारायचे. इथे तसं कुणी विचारत नव्हतं. मी चेंडू गमावला तर शेजारच्या माणसाच्या मुलांच्या शाळेच्या फीपर्यंत त्याचा धक्का पोचणार होता. हे कळल्यावर माझ्या खेळातली नक्षी आपोआप गळून पडली. मी बोलायलाही तिथेच लागलो, न बोलून चालण्यासारखं नव्हतं म्हणून.

त्या लोनमध्ये मूळ क्लबने माझ्यावर चांगलं लक्ष ठेवलं. प्रत्येक सामन्यानंतर विश्लेषक व्हिडिओचे तुकडे पाठवायचा, फोनवर बोलायचा. पुढच्या लोनमध्ये ते जवळजवळ बंद झालं. क्लब तोच, पण लोन विभागातला माणूस बदलला होता. मूळ क्लबमधून कुणी बोलणारं नसेल तर मुलाला फार लवकर वाटायला लागतं की आपल्याला पाठवलेलं नाही, काढलेलं आहे.

फिफाने १ जुलै २०२२पासून देशाबाहेरच्या लोनवर बंधनं आणली. एक लोन जास्तीत जास्त वर्षभराचा, आणि लोनवर आलेल्याला तिथून पुढे तिसऱ्याच क्लबला देता येत नाही. एका क्लबने किती खेळाडू बाहेर द्यायचे यालाही मर्यादा आली. ती आठवरून टप्प्याटप्प्याने सहावर आणली. पण एकवीस वर्षांपर्यंतचे, क्लबने स्वतः घडवलेले खेळाडू या संख्येतून वगळले आहेत. त्यामागचा हेतू मला पटतो. या वयाच्या मुलांना सामने हवेत, त्यांच्या वाटेत आकडा कशाला आडवा यावा? मात्र त्यामुळे क्लबने कितीही मुलं गोळा करावीत आणि वर्षानुवर्षं फिरवत ठेवावीत, याला त्या वयात काहीच आडकाठी राहत नाही. देशांतर्गत लोनचे नियम ज्या त्या देशाचे. मुलाने आणि पालकांनी ते करारावर सही करण्याआधी वाचावेत, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

परत आलो तर मला लोनवर पाठवणारे मुख्य कोच गेलेले होते. नवे कोच तीन सेंटर बॅक आणि दोन विंग बॅक खेळवत. माझी जागाच कागदावरून पुसली गेली होती. विंग बॅकला लेफ्ट बॅकपेक्षा खूप वर, जवळजवळ विंगरसारखं खेळावं लागतं. तिसऱ्या श्रेणीत कमावलेलं बळ, शिकलेला बचाव, सगळं होतं, पण या माणसाला हवं होतं ते वेगळंच काहीतरी. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्याच हंगामात माझं पदार्पण झालं. आमच्या विंग बॅकचा हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, ओढला गेला आणि शेवटची काही मिनिटं मला मिळाली. फार काही घडलं नाही. पुढच्या सामन्यात मी बाकावरही नव्हतो.

पदार्पणाचं कौतुक मला आजही थोडं खटकतं ते यामुळे. अकादम्या आपल्या जाहिरातीत किती मुलांनी मुख्य संघात पदार्पण केलं ते सांगतात. त्यातल्या किती जणांनी पन्नासावा सामना खेळला हे विचारलं की आकडा झपाट्याने खाली येतो. पहिला सामना कुणाच्या तरी दुखापतीने मिळू शकतो, पन्नासाव्यासाठी कुणीतरी तुमच्या चुका सोसून तुम्हाला खेळवत राहावं लागतं.

माझ्याबरोबरचा गोलरक्षक माझ्यापेक्षा गुणी होता असं मी अजूनही म्हणतो. पण त्या जागेवर एकच माणूस खेळतो आणि तो चाळिशीपर्यंत खेळू शकतो. त्याला क्लबने सोडलं ती भेट काही मिनिटांत आटोपली. आम्ही एका खोलीत राहायचो. त्या रात्री तो सामान भरत होता आणि उद्यापासून सकाळी उठून काय करायचं हे त्याला कळत नव्हतं. लहानपणापासून त्याचा प्रत्येक दिवस क्लबने आखून दिलेला होता. पुढे तो फिजिओथेरपी शिकला, आज त्याचं चांगलं चाललंय. ती मधली दोन वर्षं मात्र त्याच्यापाशी कुणी नव्हतं. मुलाला सोडल्यावर क्लबने निदान वर्षभर त्याच्या संपर्कात राहणं बंधनकारक असावं, असं माझं ठाम मत आहे.

हॅरी केन आणि जेमी व्हार्डी या इंग्लंडच्या स्ट्रायकरांची गोष्ट आम्हाला प्रत्येकाने ऐकवली. केन टॉटनहॅममधून लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉर्विच आणि लेस्टर इतक्या ठिकाणी लोनवर गेला. व्हार्डीला शेफील्ड वेन्सडेने कोवळ्या वयात सोडलं आणि तो अर्धव्यावसायिक पातळीवरून वर चढत आला. २०१३मध्ये दोघंही लेस्टरच्या राखीव बाकावर होते. २०१५-१६मध्ये केन पंचवीस गोल करून प्रीमियर लीगमध्ये गोलांत पहिला आला, व्हार्डी चोवीस गोल करून लेस्टरबरोबर विजेता झाला. गोष्ट खरी आहे आणि तिने मला कठीण दिवसांत धीर दिला. पण मी ती मुलांना सांगतो तेव्हा हेही सांगतो की त्या वर्षी देशोदेशीच्या बाकांवर आणखी शेकडो गुणी मुलं बसली होती, ती कष्टांत कमी पडली म्हणून मागे राहिली असं समजू नका.

मी पुढे दुसऱ्या श्रेणीतल्या एका क्लबमध्ये कायमचा गेलो, तिथे नियमित खेळलो, आणि ती वर्षं माझ्या आयुष्यातली सर्वांत समाधानाची ठरली. आता मी एकोणीस वर्षांखालच्या मुलांबरोबर काम करतो. मुख्य संघाने सरावाला मुलगा मागितला की मी आधी विचारतो, कशासाठी हवाय, आणि ते मुलाला जसंच्या तसं सांगतो. बाकावर गेलेल्या मुलाचा सामना बुडाला तर त्याच आठवड्यात त्याला दुसरीकडे पूर्ण नव्वद मिनिटं मिळतील असं बघतो. त्यासाठी मुख्य संघाच्या कोचशी माझे खटके उडतात, आणि उडत राहतील.

या हंगामात आमचा एक डाव्या पायाचा बचावपटू लोनवर जायच्या वयाला आला आहे. नावाजलेल्या एका क्लबने त्याला मागितलं. मुलगा आणि त्याचे वडील दोघंही खूश होते. मी त्या क्लबशी बोललो, तर त्यांच्याकडे त्या जागेवर दोन तंदुरुस्त खेळाडू आहेत आणि ते खेळवतात विंग बॅक. मी नको म्हणालो. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आता खालच्या श्रेणीतल्या एका क्लबशी बोलणी चालू आहेत. तिथले कोच चार जणांचा बचाव खेळवतात, त्यांना लेफ्ट बॅक लगेच हवा आहे, आणि मुलाची आठवड्याला कोण चौकशी करणार ते त्यांनी लिहून द्यायचं कबूल केलंय. नोंदणीची मुदत संपायच्या आत कागद व्हायला हवेत. उद्या पुन्हा फोन करणार आहे.